गेममधल्या चिठ्ठ्या आणि पुण्याचे दप्तर

व्हिडिओ गेममध्ये वाटेवर सापडणाऱ्या चिठ्ठ्या, रोजनिशीची पाने, ध्वनिमुद्रित निरोप आणि जमा करण्याच्या वस्तू यांच्याबद्दल हल्ली तक्रारीच अधिक ऐकू येतात. त्या फार झाल्या आहेत, त्या कोणी वाचत नाही, त्यांच्यामुळे खेळाची लय तुटते आणि गेम लांबवण्यासाठीच त्या पेरलेल्या असतात, असे या तक्रारींचे स्वरूप असते. यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या आहेत. मात्र हा ऐच्छिक मजकूर गेममधून काढूनच टाकावा, असा जो निष्कर्ष त्यांतून काढला जातो, तो मला मान्य नाही. जग उभे करण्यासाठी व्हिडिओ गेमपाशी जी साधने आहेत त्यांतली बहुतेक चित्रपटाकडून किंवा कादंबरीकडून उसनी घेतलेली आहेत. हे साधन मात्र त्याचे स्वतःचे आहे. आणि पुण्यात बसून गेम तयार करणाऱ्यांनी तर ते मुळीच हातचे घालवू नये, कारण ज्या प्रकारच्या वाचनावर ते उभे आहे, त्या वाचनाची शंभर वर्षांहून जुनी परंपरा या शहरात आहे.

या साधनाचा उगम एका अडचणीत आहे. १९९२ च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ या गेमनंतर लुकिंग ग्लास या अमेरिकी स्टुडिओतील मंडळींना जाणवले होते की, पात्र समोर उभे करायचे आणि पडद्यावरच्या तीन-चार वाक्यांपैकी एक निवडून त्याच्याशी बोलायचे, यात माणसाशी बोलल्याचा भास टिकत नाही आणि तेवढा वेळ भोवतालचे जगही थबकून राहते. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’मध्ये त्यांनी यावर धाडसी तोडगा काढला. शनीभोवती फिरणाऱ्या सिटाडेल या अंतराळस्थानकावर खेळाडू जागा होतो, तेव्हा तेथली जवळजवळ सर्व माणसे मेलेली असतात किंवा त्यांचे माणूसपण तरी संपलेले असते. उरलेल्या असतात त्या त्यांच्या नोंदी. सीडी आवृत्तीत या नोंदी प्रत्यक्ष आवाजात ऐकू येऊ लागल्या आणि ‘ऑडिओ लॉग’ हा प्रकार पुढे रूढ झाला. २००७ च्या ‘बायोशॉक’ने समुद्रतळाशी वसवलेल्या रॅप्चर या नगराचे वैभव आणि पतन अशाच रोजनिशांमधून ऐकवले, आणि त्यानंतर मोठ्या स्टुडिओचा असा गेम विरळाच, ज्यात एखाद्या टेबलावर वाचण्याजोगा कागद पडलेला नाही.

या पद्धतीत खेळाडूची भूमिका बदलते. घटना घडून गेलेली आहे, साक्षीदार बोलण्याच्या स्थितीत नाहीत, कागद विखुरलेले आहेत, त्यांतले काही हाती लागतील आणि काही लागणार नाहीत, आणि जे लागतील ते घटनांच्या क्रमाने लागतील याची खात्री नाही. ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) या गेममध्ये इश नावाचा एक माणूस आहे, जो पडद्यावर एकदाही येत नाही. साथीच्या काळात नावेवर राहून तो वाचला, नंतर पिट्सबर्गच्या गटारांमध्ये त्याने इतर कुटुंबांना सोबत घेऊन वस्ती केली, मुलांसाठी शिकण्या-खेळण्याची सोय केली, आणि एका उघड्या राहिलेल्या दारामुळे ती वस्ती संपली. हे सारे आपल्याला त्याच्या चिठ्ठ्यांमधून, भिंतींवरच्या मुलांच्या चित्रांतून आणि एका खोलीतल्या जमिनीवर लिहिलेल्या, मुलांना यातना झाल्या नाहीत असे सांगणाऱ्या तीन शब्दांतून कळते. मुख्य कथानकाला इशची काहीही गरज नाही. त्याची एकही चिठ्ठी न वाचता गेम पूर्ण होतो. पण ज्याने त्या वाचल्या, त्याच्या दृष्टीने त्या जगात नायकाखेरीज इतरही माणसे जगली, त्यांनीही काही उभारले आणि गमावले. जग उभे करणे म्हणजे माझ्या मते हेच: नायकाच्या गरजेपलीकडेही तेथे आयुष्य होते असे वाटायला लावणे. ते नायकाच्या तोंडून सांगितले की माहिती होते, आणि आपण होऊन शोधले की अनुभव होतो.

पुण्याच्या वाचकाला हे काम परके वाटू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. त्यासाठी ते आयुष्यभर गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांत धूळ खात पडलेली दप्तरे त्यांनी मिळवली. १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पत्र कोणी कोणाला लिहिले, कधी लिहिले, त्यात काय सांगायचे टाळले आहे, याच्याशी दुसरे कोणते पत्र जुळते आणि कोणते जुळत नाही, हे प्रश्न विचारण्याची सवय या शहरातल्या अभ्यासकांनी अनेक पिढ्या जोपासली. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत कशी पोहोचली, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाच्या एका सांकेतिक निरोपातून. त्या निरोपात रणांगणाचे वर्णन नाही, रक्त नाही, आक्रोश नाही. वाचणाऱ्याला विश्वासराव कोण आणि भाऊसाहेब कोण हे ठाऊक आहे, म्हणून उरलेले सगळे तो स्वतः भरतो. चांगल्या गेममधली चांगली चिठ्ठी असेच काम करते, आणि ज्या लेखकाला प्रत्येक चिठ्ठीत सगळेच सांगून टाकण्याची घाई असते, त्याने हा निरोप पुन्हा एकदा वाचावा.

आता तक्रारींकडे येतो. गेम-व्यवसायाने या साधनाचे जे केले आहे ते खरोखर वाईट आहे. ‘असॅसिन्स क्रीड’च्या २००७ सालच्या पहिल्या भागात ४२० निशाणे शहरांत आणि रानांत विखुरलेली होती, ती सगळी गोळा केली तरी कथेत काही बदलत नसे आणि त्या निशाणांमागे कोणाची कहाणीही नसे. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात १०० पिसे होती, पण त्यांना कारण होते. फाशी गेलेला धाकटा भाऊ पिसे जमवत असे, त्याच्या मृत्यूने आई मुकी झाली आहे, आणि नायक एकेक पीस आणून तिच्या खोलीतल्या पेटीत ठेवतो. गोळा करण्याची क्रिया दोन्हीकडे तीच आहे. फरक इतकाच की, दुसऱ्या भागातली वस्तू कोणाची तरी आहे. संख्या मोठी असणे हाही आपोआप दोष ठरत नाही; ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) जागोजागी लपवलेल्या ९०० कोरोक बिया सगळ्या शोधाव्यात अशी त्या गेमची अपेक्षाच नाही, वाटेतला वेगळा दिसणारा दगड उचलून पाहावासा वाटावा एवढ्यासाठी त्या आहेत.

खरा अपाय होतो तो नकाशावरच्या चिन्हांनी आणि टक्केवारीने. कागद कोठे आहे हे चिन्हाने आधीच सांगितले, आणि तो उचलताच ‘४० पैकी १७’ असा आकडा कोपऱ्यात झळकला, की खेळाडूचे लक्ष मजकुरावरून आकड्यावर जाते. तो कागद उघडतो, बंद करतो आणि पुढच्या चिन्हाकडे धावतो. यात त्याचा दोष नाही, कारण गेमने त्याला वाचनाचे नव्हे तर हजेरीचे बक्षीस देऊ केले आहे. याहून विचित्र उदाहरण २०१४ च्या ‘डेस्टिनी’चे आहे. त्या जगाचा इतिहास सांगणारी कार्डे खेळताना मिळत, पण ती वाचण्यासाठी खेळ सोडून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जावे लागे. आपल्याच लेखकांच्या कामाबद्दल इतकी अनास्था का असावी, हे मला आजही कळलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मरणाच्या दारात असलेला माणूस बसून रोजनिशी लिहील का, आणि लिहिलीच तर तिजोरीचा क्रमांक तिच्यात का नमूद करील? हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र नोंदी काढून टाकणे हा नाही. माणसे खरोखर जे लिहितात ते लिहिणे, हा आहे. ‘प्रे’ (२०१७) या गेममध्ये टॅलॉस नावाच्या अंतराळस्थानकावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव आहे आणि सुरक्षा कक्षातल्या संगणकावरून त्याचा ठावठिकाणा काढता येतो. तेथे सापडणाऱ्या ईमेलमध्ये कामावरच्या कुरबुरी आहेत, फावल्या वेळात खेळल्या जाणाऱ्या खेळाची आखणी आहे, एकमेकांविषयीची ओढ आहे. संकट येण्याआधी लिहिलेला हा मजकूर असल्यामुळेच त्या स्थानकावरचा मृत्यू जड वाटतो. पेशवे दप्तराचाही फार मोठा भाग हिशेबाचाच आहे: रोजकीर्दी, जमाखर्च, कोणाला काय दिले आणि कोठे काय खर्च झाले. लढायांच्या वर्णनांपेक्षा त्या काळातल्या माणसांचा रोजचा दिवस या रुक्ष नोंदींमध्ये जास्त सापडतो, हे त्या कागदांत बसलेला कोणीही सांगेल. मग गेमच्या लेखकाने हिशेबाची वही, उसनवारीची चिठ्ठी, रजेचा अर्ज किंवा शेजाऱ्याविरुद्धची तक्रार का लिहू नये? किती धान्य उरले आहे याची आठ दिवसांची नोंद आणि नवव्या दिवशी कोरे पान, एवढ्यातून वेढ्याची जी कल्पना येते ती तीन पानी करुण पत्रातून येणार नाही.

वस्तूंचेही असेच आहे. ‘डार्क सोल्स’ने (२०११) आपल्या जगाचा इतिहास बव्हंशी तलवारी, अंगठ्या आणि चिलखते यांच्या चार-पाच ओळींच्या वर्णनांत वाटून टाकला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतींमध्ये सांगितले आहे की, लहानपणी ते आपल्या आवाक्याबाहेरची परदेशी पुस्तके वाचत आणि जो भाग समजत नसे तो कल्पनेने भरून काढत. तोच अनुभव त्यांना खेळाडूला द्यायचा होता. परिणाम असा झाला की, जगभरच्या खेळाडूंनी एकमेकांचे अर्थ तपासत, खोडून काढत त्या जगाचा इतिहास मिळून रचला. २०१३ च्या ‘टूम्ब रेडर’मध्ये सापडलेली वस्तू हातात फिरवून पाहिली की तिच्या मागच्या बाजूची एखादी खूण दिसते आणि तिचा अर्थ बदलतो. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात फिरलेल्या माणसाला यामागची जाण वेगळी समजावून सांगायला नको. दिनकर केळकरांनी आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ जो संग्रह उभा केला, त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, फण्या आणि वज्र्या आहेत, दौती आहेत. राजांच्या इतिहासात या वस्तूंना जागा नसते. पण सुपारी कातरण्याच्या हत्यारावर कारागिराने घोडा किंवा मोर का घडवला असेल, असा प्रश्न त्या कपाटासमोर उभे राहिल्यावर पडतो, आणि त्या प्रश्नातून एक संपूर्ण समाज दिसू लागतो. संग्रहालयातली कोणतीच वस्तू पाहणे सक्तीचे नसते, म्हणून तिला कोणी दुय्यम म्हणत नाही.

पुण्यातल्या गेम-उद्योगाला हे सुचलेले नाही असे नाही. येथील नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. अपहृत भावाच्या शोधात निघालेल्या राजीची ती कथा आहे, आणि तिच्या वाटेवरच्या भित्तिचित्रांसमोर ती थांबली की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रांमागच्या कथा सांगतात. न थांबता पुढे गेले तरी खेळ अडत नाही. छोट्या स्टुडिओने केलेले हे काम मोलाचे आहे, आणि त्या चित्रांसमोर परदेशी खेळाडू थांबून ऐकतात याचा मला आनंद वाटतो. त्या गेमचा विषय देवकथा असल्याने तेथे देवांनीच बोलावे, हेही योग्यच. पण पुढचा गेम जेव्हा पुराणांकडून इतिहासाकडे वळेल, आणि तो वळल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा बोलायला देव उपलब्ध नसतील. माणसांचे कागदच लागतील.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत आहे. त्यामुळे किल्ल्यांवर गेम काढण्याचा उत्साह वाढणार हे उघड आहे. त्या उत्साहात तटावरून उड्या आणि तलवारींचा खणखणाट एवढेच उरले, तर किल्ला ही केवळ पार्श्वभूमी होऊन बसेल. शिवकालीन किल्ल्याची व्यवस्थाच पाहा. हवालदाराकडे दरवाजांच्या किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि लेखी कारभार, कारखानिसाकडे धान्य आणि इतर साठ्याचा हिशेब. एकाच माणसाच्या हाती सारा किल्ला जाऊ नये, यासाठी मुद्दाम केलेली ही विभागणी. गेमच्या लेखकाला याहून चांगली देणगी कोणती हवी? एकाच रात्री काय घडले, याच्या तीन नोंदी तीन ठिकाणी सापडाव्यात आणि त्या एकमेकींशी जुळू नयेत. कोठीतला दारूगोळ्याचा साठा कागदावर आहे त्यापेक्षा कमी का भरतो, दरवाजा उशिरा का बंद झाला, हजेरीत एक नाव दोनदा का आले, हे खेळाडूने ताडून पाहावे. ज्याला केवळ मोहीम पार पाडायची आहे त्याने खुशाल पुढे जावे. जो थांबेल, त्याला स्वराज्याचा कारभार पराक्रमाइतकाच दक्षतेवर चालत होता, हे कोणाच्याही भाषणाशिवाय उमगेल.

मात्र येथे एक धोका आहे, आणि महाराष्ट्रात तो इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे. गेमसाठी लिहिलेले काल्पनिक पत्र जुन्या कागदाच्या रंगात, मोडी वळणात आणि शिक्कामोर्तबासह दाखवले, की त्याचा फोटो काढून कोणीतरी तो अस्सल म्हणून फिरवणार. इतिहासावरून माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात अशा समाजात ही लहान गोष्ट नव्हे. राजवाड्यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना अधिक महत्त्व दिले ते याच विवेकापोटी. म्हणून माझा आग्रह आहे की, ऐतिहासिक गेमच्या नोंदवहीत प्रत्येक कागदाच्या कडेला तो अस्सल आहे, अस्सलावरून रूपांतरित आहे की कल्पित आहे, हे स्पष्ट नमूद असावे, आणि अस्सल असेल तर तो कोणत्या संग्रहातला आहे हेही सांगावे. यामुळे रसभंग होईल असे जे म्हणतात, त्यांनी पहिल्या महायुद्धावरचा ‘व्हॅलियंट हार्ट्स’ (२०१४) पाहावा. त्यात सापडणाऱ्या वस्तूंसोबत त्या काळाची खरी माहिती येते, कथा काल्पनिकच राहते आणि दोन्ही एकमेकांना बळ देतात. त्याच वर्षीच्या ‘नेव्हर अलोन’ने आणखी पुढची पायरी गाठली. अलास्कातील मूळनिवासींच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेच्या सहभागातून तो गेम झाला, आणि त्यात घुबड सापडले की एक छोटा माहितीपट उघडतो, ज्यात इन्युपियाट समाजातली माणसे बर्फाबद्दल, शिकारीबद्दल आणि आपल्या कथांबद्दल स्वतः बोलतात. खेळाडूला गेममधले पात्र कोठे हलते आणि खरा माणूस कोठे बोलतो हे पुरते कळते, आणि तरी तो त्या जगातून बाहेर फेकला जात नाही.

राहिला प्रश्न भाषेचा. मोठ्या परदेशी गेममध्ये मराठी मजकूर जवळजवळ नसतोच, आणि कोथरूड-हडपसरची जी मुले हे गेम खेळतात त्यांतल्या कितीतरी मुलांना संवाद कळतात, पण दाट इंग्रजीतली दोन पानी रोजनिशी वाचायचा कंटाळा येतो. ती ‘स्किप’ करतात, आणि आपण म्हणतो मुले वाचत नाहीत. मारामारी कळायला भाषा लागत नाही, मुख्य कथाही चित्रांवरून समजते. ऐच्छिक मजकूर हा मात्र निखळ वाचनाचा भाग आहे, आणि म्हणून भाषेचा अडथळा सर्वांत आधी तेथेच लागतो. याचा अर्थ असाही होतो की, मराठीत उत्तम लिहिलेल्या नोंदी असलेला गेम त्यांच्यापुढे आला, तर मुख्य कथेपेक्षा त्या नोंदीच त्यांना प्रथम स्वतःच्या वाटतील.

राज्य शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स (संगणकनिर्मित दृश्य-परिणाम) आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. अशा धोरणांची भाषा गुंतवणुकीची, जागेची आणि रोजगाराची असते, आणि ती असायलाही हवी. पण अर्थसाहाय्य मिळणाऱ्या प्रत्येक ऐतिहासिक गेमला मराठी मजकुराची अट घालणे अवघड नाही, आणि लेखकाला गेमची आखणी पूर्ण झाल्यावर रिकाम्या टेबलांवर कागद भरण्यासाठी न बोलावता पहिल्या दिवसापासून सोबत घेणे, हे स्टुडिओंच्या स्वतःच्या हातात आहे. पुण्यात मोडी वाचणारी माणसे आहेत, मोडीचे वर्ग चालतात, त्यांतून दरवर्षी तरुण मुले-मुली शिकून बाहेर पडतात आणि पुढे त्या विद्येचे काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. गेमच्या स्टुडिओंनी त्यांना कामावर घ्यावे, संहितालेखकाच्या शेजारच्या टेबलावर बसवावे, प्रोग्रामरला मिळतो तसा नियमित पगार द्यावा आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव द्यावे.